सल्ला हवा: सहा दिवस खुर्ची, रविवारी केळीची बाग. पाठ-कंबरेसाठी नेमकं काय करावं?

यावल_ते_जळगाव
राम राम मंडळी. वय ३९. सोमवार ते शनिवार जळगावात हिशेबाचं काम, लॅपटॉपवर साडेआठ-नऊ तास, खुर्ची हाताची प्लास्टिकची. रविवारी यावलला शेतात फवारणी (१६ लिटरचा बॅटरी पंप), कापणी असली तर घड वाहणं. जाणं-येणं मोटरसायकलवर. सकाळी दहा-पंधरा मिनिटं कंबर आखडलेली असते, संध्याकाळी मानेच्या मुळाशी ओढ लागते. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत.
जिम न लावता वीस मिनिटांत बसेल असा व्यायाम हवाय. शिवाय खुर्ची-टेबलाची मापं, पंप आणि घड उचलायची रीत. कंबरेचा पट्टा वापरावा का, गादी कोणती घ्यावी, कॅल्शियमच्या गोळ्या लागतात का, हेही सांगा. ‘ताठ बसा’ एवढंच नका सांगू, ते करून झालंय.

मणका_मास्तर
आधी एक चाळणी. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलताना लटकणं, ताप किंवा वजन घटण्यासोबत पाठदुखी, पडल्यानंतरचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. यातलं काहीही असलं तर व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टर. पहिल्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही. तुम्हाला यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढे लिहितो.

‘ताठ बसा’ फसतं, कारण ताठ बसायलाही स्नायू सतत आवळून धरावे लागतात आणि ते वीस मिनिटांत थकतात. मग माणूस पोतं टाकल्यासारखा बसतो. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या मऊ चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की पोषण आत, असं तिचं चालतं. त्यामुळे एकाच स्थितीत दोन तास बसणं वाईट, मग ती स्थिती फोटोत कितीही छान दिसो. अर्ध्या तासाने उठा. मोठी बाटली टेबलावर ठेवू नका, लहान फुलपात्र ठेवा. ते भरायला उठावंच लागतं.

आता तुमची खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते. कुल्ले मागे खाली जातात, माकडहाड आत वळतं आणि कंबरेची नैसर्गिक पोकळी सपाट होते. टॉवेलची चार-पाच सेंटीमीटर जाड घडी बैठकीच्या फक्त मागच्या अर्ध्यावर ठेवा, म्हणजे कुल्ले गुडघ्यांपेक्षा किंचित वर येतील. दुसरा टॉवेल गुंडाळून साधारण आठ-दहा सेंटीमीटरची वळकटी करा आणि पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर पाठीमागे लावा. बरेच जण ती वर बरगड्यांशी लावतात, मग उलट पाठ पुढे ढकलली जाते. मागच्या खिशातलं पाकीट काढा, नाहीतर एक कुल्ला दिवसभर उचललेला राहतो.

टेबल कोपराच्या उंचीवर हवं. टेबल उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात. तुमची संध्याकाळची ओढ बहुधा तिथलीच. खुर्ची उंच करा आणि पायाखाली पाट घ्या. लॅपटॉप दोन-तीन जाड खतावण्यांवर चढवा, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. अंतर हातभर, ५० ते ७० सेंटीमीटर. कीबोर्ड आणि माऊस मात्र वेगळे घ्यावे लागतील, त्याला इलाज नाही. दोन नंबरांचा चष्मा असेल तर हे माप उलटं: पडदा खाली ठेवा, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसाल आणि मान आणखी दुखेल.

सातपुडा_वारं
मोबाईलचं राहिलं. मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरंय का?

मणका_मास्तर
तो २०१४ च्या एका संगणकी मॉडेलमधला अंदाज आहे, माणसाच्या मानेत वजनकाटा घालून मोजलेला नाही. घाबरायचं काम नाही, पण मोबाईल छातीच्या वर धरायला काय जातं? आमच्याकडे म्हातारी म्हणतेच, मान खाले घालीसन देखू नको.

जय_हनुमान_तालीम
भो, एवढं सगळं कशाला? रोज पाठीवर निजून, पाय धरून पन्नास उठक्या मारा, पोट आणि कंबर दोन्ही लोखंड होतात.

मणका_मास्तर
पाय धरून पूर्ण उठण्याचा प्रकार आखडलेल्या कंबरेला देऊ नका, पैलवान. पाय धरले की पोटापेक्षा मांडीच्या मुळाचे स्नायू जास्त ओढतात. ते थेट कंबरेच्या मणक्यांना चिकटलेले असतात. वर प्रत्येक उठकीला चकती वाकून दाबली जाते. तुमच्या जोर-बैठका उत्तम, त्या ठेवा.

यांच्यासाठी कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन प्रकार सांगतो. त्यांचा भर ताकदीपेक्षा दमावर आहे, कारण मणक्याला दिवसभर हलका आधार लागतो.

सुरुवातीला गुडघे-तळवे टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली, सहा-आठ वेळा. जोर लावायचा नाही, नुसतं वंगण समजा.

कर्ल-अप: पाठीवर निजा, एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही पंजे कंबरेच्या पोकळीखाली, तळवे जमिनीकडे. डोकं आणि खांदे इतकेच उचला की डोक्याखालून एखादी वही सरकावी. हनुवटी छातीला लावायची नाही, नजर छताकडे.

साइड प्लँक: कुशीवर, कोपर बरोबर खांद्याखाली, सुरुवातीला गुडघे दुमडून. कोपर पुढे सरकलं की खांदा दुखतो. कुल्ला मागे पडला की व्यायाम वायाच गेला.

बर्ड-डॉग: गुडघे-तळव्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करा, मग उलट. पाय कंबरेच्या रेषेवर थांबवा. उत्साहाने तो वर उडवला की कंबर खचते. तपासायला कंबरेवर स्टीलचा पेला ठेवा, अर्धा पाण्याने भरलेला. पाणी सांडलं तर पाय खाली घ्या किंवा फक्त पाय लांब करा, हात टेकलेलाच राहू द्या.

प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं. आधी ६ वेळा, वीस-तीस सेकंद थांबून ४, मग २. तुम्ही हिशेबाचे आहात म्हणून: कर्ल-अपचे १२, बाकी दोघांचे दोन्ही बाजू धरून २४-२४, एकूण ६० वेळा गुणिले १० सेकंद. म्हणजे दहा मिनिटं धरणं, उरलेली दहा विश्रांती आणि बाजू बदलणं. दहा सेकंद जड गेले तर आकडे ४-३-२ करा, सेकंद तेच ठेवा. श्वास कोंडला जात असेल तर धरताना मोठ्याने मोजा, बोलताना श्वास कोंडता येत नाही.

योग_तापीतीर
मास्तरांशी सहमत. फक्त वरची पाठ राहिली. खुर्चीवाल्यांची छातीची बाजू आखडलेली असते आणि सगळं वाकणं कंबर-मानेवर येतं. टॉवेलची वळकटी खांद्याच्या पात्यांखाली आडवी घेऊन दोन मिनिटं निजा, हात डोक्याच्या बाजूला सैल. मानेसाठी भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे सरकवा, खाली नाही. पाच सेकंद, दहा वेळा.

आसनांत अर्धशलभासन, भुजंगासन (कोपर टेकूनच) आणि सेतुबंध ठेवा. कंबर आखडलेली असताना पश्चिमोत्तानासन आणि हलासन टाळा. सूर्यनमस्कारात हात जमिनीला लागलेच पाहिजेत असा हट्ट नको, गुडघे खुशाल वाकवा. मांडीच्या मागच्या शिरा ताठ असलेला माणूस गुडघे सरळ ठेवून वाकतो तेव्हा कुल्ल्यातून वाकतच नाही, सगळी घडी कंबरेत पडते.

यावल_ते_जळगाव
हे सकाळी उठल्याउठल्या केलं तर चालेल का? शेतात तर सहालाच जावं लागतं.

मणका_मास्तर
नको. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण थोडे उंच असतो. फुगलेल्या चकतीवर पुढे वाकण्याचा ताण जास्त येतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचं वाकणं टाळलं तेव्हा दुखणं कमी झालं, असं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. उठल्यावर पंधरा मिनिटं बांधावरून चाला, पहिल्या तासात खाली वाकायचं काम दुसऱ्याला द्या. वीस मिनिटांचा व्यायाम संध्याकाळी.

केळीबाग_रावेर
आता शेताचं आमच्याकडून.

पंपात १६ लिटर म्हणजे १६ किलो पाणीच, वर पंप आणि बॅटरी. वीस किलोच्या पुढेच जातो. खरी दुखापत होते ती जमिनीवरून पंप पाठीवर घेताना, वाकून आणि वळून एकदम झटका दिला जातो तेव्हा. पंप कंबरेच्या उंचीवर ठेवूनच भरा: ट्रॉलीची कड, उपडा ड्रम, विहिरीचा कठडा, काहीही चालेल. पाठ पंपाकडे करून दोन्ही पट्टे एकदम घाला, गुडघे थोडे वाकवून पायांनी उठा. उतरवताना त्याच जागी परत या, मधेच धुऱ्यावर आदळू नका. १० लिटरच भरा, दोन खेपा जास्त होतील इतकंच.

पट्टे घट्ट हवेत. बहुतेक जण सैल सोडतात, कारण घाम येतो. सैल पंप पाठीपासून लांब लोंबतो, मागे ओढतो, आणि त्याला तोलायला माणूस दिवसभर पुढे झुकून चालतो. मधे गोणपाट घाला, हवा खेळते आणि पंपाची कड टोचत नाही.

घड चांगला भरला असेल तर २०-२५ किलोचा. कापणारा एक, झेलणारा एक; एकट्याने कापून एकट्याने झेलायचं नाही. खांद्यावर वाळल्या पानांची चुंबळ, दर खेपेला खांदा बदला. ट्रॉलीत ठेवताना पाय जागेवर रोवून कंबर फिरवू नका. दोन पावलं टाकून अख्खे वळा.

मणका_मास्तर
यात एक जोडतो, कुल्ल्यातून वाकायची सवय. झाडूचा सरळ दांडा पाठीवर उभा धरा (पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली काठी नको, ती वाकडी असते). डोक्याची मागची बाजू, पात्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला हवा. आता गुडघे जरा सैल करून कुल्ले मागे न्या, जसं हात भरलेले असताना माणूस कुल्ल्याने दार लोटतो. तिन्हीपैकी एक जागा सुटली की तिथे थांबा, सध्या तेवढंच तुमचं वाकणं. रोज दहा वेळा. घड असो, गॅसचा सिलेंडर असो की पडलेली चावी, वाकणं याच घडीतून.

चूल_आणि_ओटा
बायकांचंही लिहा की! खापरावर मांडे करायला बसलं की दोन-तीन तास उठणं नाही. माझा अनुभव-बिनुभव सोडा, सरळ उपाय: कुल्ल्याखाली १०-१५ सेंटीमीटरचा पाट घ्या. तेवढ्यानेच कंबरेची कमान उरते. ओट्याशी उभं राहून थापत असाल तर एक पाय बुटक्या पाटावर, दहा मिनिटांनी पाय बदला. मळायला ओटा कोपरापेक्षा वीतभर खाली हवा, नाहीतर जोर खांद्यातून लावावा लागतो.

सातपुडा_वारं
आमच्या भावाच्या एमआरआयमध्ये ‘गॅप आहे’ म्हणाले. तो आता वाकतच नाही. गावात एक जण मणका बसवून देतो म्हणतो.

मणका_मास्तर
मणका भांड्याच्या झाकणासारखा सरकत नाही आणि झटका देऊन ‘बसत’ नाही. ‘गॅप’ म्हणजे बहुतेक वेळा चकती झिजलेली किंवा फुगलेली. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्क्यांना फुगलेली चकती दिसते, ऐंशीत ८४ टक्क्यांना. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे. रिपोर्ट आणि लक्षणं जुळतात का, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. वाकणं कायमचं बंद केलं तर स्नायू आणखी ढिले पडतात. आणि मान मुरगाळणाऱ्याकडे तर अजिबात नको.

पट्टा: दुखणं भडकलं असताना प्रवासाला दोन-चार तास ठीक. ‘दुखू नये म्हणून’ रोज बांधण्याचा फायदा दिसलेला नाही.

गादी: फळीवर झोपा हा सल्ला जुना झाला. २००३ मध्ये स्पेनमध्ये तुलना झाली, त्यात मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त उतरलं. नवी घ्यायची गरज नाही. कापसाच्या मुलखात राहता, कुल्ल्याखाली खड्डा पडला असेल तर गादी पिंजून घ्या. उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) खाट टाकत असाल तर पायथ्याची दोरी ओढून घट्ट करा, झोळी झालेली खाट सकाळची कंबर हमखास आखडवते. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांत उशी.

डाएट_धुळे
कॅल्शियम: मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, २०२०). ज्वारी-बाजरीत ते फारसं नाही, म्हणून भाकरी ‘ताकदीची’ असली तरी हाडांचा हिशेब तिच्यावर सोडू नका. म्हशीचं दूध १०० मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम, न सोललेले तीळ दहा ग्रॅमला तेवढंच. दोन पेले दूध किंवा दही, तिळाची चटणी, पालेभाजी, उडदाची डाळ, आठवड्यातून दोनदा नागली (नाचणी), एवढ्यात बहुतेकांचं भागतं. डिंकाचे लाडू चवीला खा, त्यात तूप-गुळाचीच भर जास्त.

ड जीवनसत्त्वाची तपासणी आधी करा. ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेऊ नका, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. ऊन काचेतून उपयोगाचं नाही, आणि आपल्या मे महिन्यात दुपारचं तर नकोच. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं थोडं ऊन कामाचं, म्हणजे ऐन हिवाळ्यात दुपारी बारा-साडेबाराच्या आसपासचं. विडी-सिगारेट असेल तर ती आधी सोडा, चकतीच्या आसपासचा रक्तपुरवठा तिने कमी होतो.

यावल_ते_जळगाव
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, मोटरसायकल. गतिरोधकावर कंबरेला झटका बसतो.

केळीबाग_रावेर
गतिरोधकाआधी वेग कमी करा आणि तळपायावर भार घेऊन सीटवरून बोटभर उठा, झटका गुडघे खातात. हँडल लांब पडत असेल तर पुढे सरकून बसा, ताणून धरू नका. मागच्या शॉकला बहुतेक गाड्यांत कडकपणाचे टप्पे असतात. एकटेच असाल तर मऊ टप्प्यावर आणून घ्या, बऱ्याच जणांची गाडी डबलसीटला कडक केलेली तशीच राहते. टायरमध्ये हवा पुस्तकात दिली आहे तेवढीच, टणक नको.