‘वाकू नका’ हा सल्ला नक्की किती दिवसांचा?

व्यायामवाली (पुणे): मी चाळिशीपुढच्यांचे व्यायामवर्ग घेते. कंबरदुखी थांबून वर्ष उलटलेली माणसंही खाली पडलेला रुमाल उचलायला घाबरतात. ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नका’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. कधीपर्यंत, ते कुणीच सांगत नाही. मग न वाकल्याने पाठ आखडते, आखडल्याने दुखते आणि भीती खरी वाटू लागते. कंबर अजिबात दुखत नसलेल्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 मध्ये आला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्यांची झीज दिसली होती. तरी रिपोर्टमधला तो एक शब्द माणसाला जन्मभर पुरतो.

नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. मी आधी टेबलावरून रिकामी पिशवी उचलायला लावते, मग स्टुलावरून, मग जमिनीवरून, वजन त्यानंतर. दर वेळी आधी विचारते, ‘काय होईल असं वाटतं?’ आणि नंतर, ‘काय झालं?’ त्यांचं उत्तर त्यांच्याच तोंडून आलं की पटतं. व्यायाम शिकवणाऱ्याने हे काम टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

सांधा: साफ असहमत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं ही तातडीने दवाखाना गाठायची लक्षणं आहेत. वर्गात वीस जणांसमोर ती कोण विचारणार? शिवाय दुखणाऱ्या माणसाला ‘तुमची भीतीच आहे’ म्हटलं की तो दुखावतो, पुन्हा फिरकत नाही.

लावणी (चिपळूण): तुमचं दोघांचं शहरातलं चाललंय. भातलावणीला दिवसभर वाकावंच लागतं. माझ्या सासूबाईंना भीती नाही, काम जास्त आहे. टेबल, स्टूल, जमीन अशा पायऱ्या करायला सवड कुणाला? वाकायचं कसं यापेक्षा मध्ये थांबायचं कधी, हे कुणी सांगितलं तर उपयोग.

व्यायामवाली: लावणी, तुमचा मुद्दा रास्त आहे, तिथे विश्रांतीच्या पाळ्या हव्यात. सांधा, ती लक्षणं मी पहिल्याच दिवशी एकेकट्याला बाजूला घेऊन विचारते, शंका आली की थेट डॉक्टरकडे पाठवते. ‘भीती’ हा शब्द तर वापरतच नाही. पण डॉक्टरांनीही बंदी कधी उठणार ते चिठ्ठीवर लिहावं.

सांधा: चिठ्ठीचं मान्य. पण ती येईपर्यंत तुमची रिकामी पिशवीसुद्धा नको.

व्यायामवाली: हे नाही पटत. सकाळी चपलेचा पट्टा लावताना तो माणूस वाकतोच, तेही श्वास रोखून, कुणी बघत नसताना. त्यापेक्षा माझ्यासमोर वाकलेलं बरं.