3 इंच बर्फावर नको

"तळ्यावर 3 इंच बर्फ आहे, त्यावर उभं राहून मासेमारी चालेल का? आणि स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला मासा) कधीपासून धरता येतो?"

नाही चालणार. किमान 4 इंच, तोही काचेसारखा पारदर्शक हवा. दुधाळ बर्फात हवा अडकलेली असते, तिथे दुप्पट धरा. काठावर एकदा मोजून भागत नाही. पुढे जाताना भोकं पाडत मोजत राहा. ओढा मिळतो तिथला बर्फ तर कायम दगाबाज.

न्यू जर्सीत बाससाठी खाड्या-नद्या 1 मार्चला उघडतात. रॅरिटन उपसागरात तेव्हा पाणी गारच. काळा चिखल उन्हानं लवकर तापतो, म्हणून दुपारच्या भरतीला उथळात ब्लडवर्म (आमिषाचा समुद्री किडा) तळाशी सोडा. आमिष लावलंत तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) सक्तीचा. मासा ओढू लागला की हिसका मात्र देऊ नका (सवय जाता जात नाही!), गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुतण्याआधीच निसटतो. दोरी ताणून नुसतं रीळ फिरवा.