लॉकडाऊनमध्ये तुमच्या गावची चूल कशावर पेटली? – अनुभव धागा

पारनेरकरीण
२१ मार्च २०२० ला मी पुण्याहून दोन पिशव्या घेऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. आठ दिवसांसाठी. राहिले चौदा महिने. शहरातल्या मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाई, घरचं धान्य, घरची भाजी." घरात ज्वारी होती हे खरं. पण आठवडी बाजार बंद झाला आणि तिसऱ्या आठवड्यात आई तेलाचा डबा वाटीवर उपडा घालून ठेवायला लागली. शेजाऱ्यांनी उभ्या कोबीवर रोटर फिरवला. त्याच आळीत मजुरीवर जगणारं एक घर सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि ठेचा खात होतं. दोन्हींमध्ये शंभर पावलांचं अंतर.

तुमच्याकडे काय झालं? धान्य कुठून आलं, रोख पैसा कुठून आला, उधारी कोणी दिली, कोणी नाकारली? मोठं लिहा, दोन ओळी लिहा. दुकानदाराचं, अधिकाऱ्याचं नाव तेवढं नको.

दिंडोरीचा बागायतदार
मार्चअखेर म्हणजे आमची ऐन काढणी. तीन एकर द्राक्षबाग. व्यापाऱ्याने ३२ रुपये किलोने सौदा करून इसार दिला होता. २५ मार्चपासून त्याचा फोन बंद. नंतर दुसरा एक टेम्पो घेऊन आला आणि बागेत न उतरताच ७ रुपये म्हणाला. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची टोळी तोवर रातोरात पायी निघून गेली होती.

माल वेलीवर ठेवून वाट बघता येत नाही. मणी गळतात, वेल थकते, काढणीनंतरची खरड छाटणी लांबते, म्हणजे पुढचं वर्षही गेलं. शेवटी बेदाणा करायचं ठरवलं. ते खरं सांगली-तासगावकडचं काम, आमच्या गावात शेड कोणाकडे असणार? तिकडच्या मेव्हण्याला व्हिडिओ कॉल लावला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळीवर पसरायचे, सावलीत वारं लागू द्यायचं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. कांद्याच्या चाळीत शेडनेट ताणून सगळं घर राबलं, पंच्याहत्तरीचे वडीलसुद्धा. एप्रिलात एका रात्री पाऊस आला. वरचा थर काळा पडला. बाकीचा विकून खर्च निघाला, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं.

एक गोष्ट आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. ती टोळी गेली तेव्हा त्यांची दोन आठवड्यांची मजुरी माझ्याकडे बाकी होती. मागायलाही कोणी थांबलं नाही.

कोयता_बीड
माझे आईवडील ऊसतोड करतात. मी तेव्हा अकरावीला होते. दिवाळीनंतर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन दोघं कोल्हापूरकडं गेलेले. ती फिटल्याशिवाय टोळी नेणारा मुकादम सोडत नाही. तिकडं रोजचा वरखर्च वाढ्यावर चालतो. उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायच्या, गावात जनावरांसाठी विकायच्या, त्यातून तेल-मीठ-चहापत्ती आणायची. टाळेबंदी लागली तसं कोप्यांकडं, मजुरांच्या झोपड्यांकडं, कुणी फिरकेना. वाढं पडून राहिलं. गिरणीवर बाहेरचे म्हणून दळण ठेवू देईनात. ऊस तोडायला मात्र कुणाची हरकत नव्हती, कारखाना चालूच होता. आईनं आठ दिवस जवारी भिजवून, वाटून भाकरी केल्या.

आमचं रेशन कार्ड गावाकडं, आजीपाशी. आजीला माणशी ५ किलो फुकट तांदूळ मिळाला, आईबापाच्या नावचा पण. तो कोपीपर्यंत न्यायचा कसा? आजी त्या तांदळाकडं बघून रडायची.

१७ एप्रिलला सरकारनं परत यायची परवानगी दिली. तपासणी, यादी, सगळं होऊन ट्रॅक्टर शिवेवर आला. शाळेत जागा नव्हती म्हणून १४ दिवस शेतात, लिंबाखाली. मी बांधावर डबा ठेवायची आणि मागं सरकायची. सहा महिन्यांनी भेटलेली आई लांबूनच ओरडली, "शेळी व्याली का गं?"

रेशनवाला
इथे शिव्या पडणार हे माहीत असून लिहितो.

लोकांना वाटतं सगळ्यांना सगळं फुकट होतं. नव्हतं. प्राधान्य कार्डाला नेहमीचं धान्य तेव्हा दरानेच, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. ते घेतल्यावर केंद्राचा माणशी ५ किलो तांदूळ मोफत. केशरी कार्डाला मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी, २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. गाड्या वेगवेगळ्या दिवशी यायच्या, लोक एकदाच यायचे, आणि 'आमचं खाल्लं' म्हणायचे. त्यात संसर्ग नको म्हणून मशीनवर गिऱ्हाइकाऐवजी दुकानदाराचा अंगठा चालेल असा आदेश आला. काम झटपट व्हायला लागलं, संशयही झटपट वाढला. काही दुकानदारांनी त्या अंगठ्याचा फायदा घेतला, हे मी नाकारत नाही.

पण माझ्या दारातून रिकामे गेले ते कार्डात नाव न चढलेले. नव्या सुना, लहान पोरं, पालावर राहणारे. माझ्याकडे अंत्योदयची, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाची, एक आजी आहे, एकटी. तिला ३५ किलो मिळतं. तिने धान्य घेतलं आणि पायऱ्या उतरताच अर्धं पालावरच्या बाईच्या पदरात ओतलं. मी आत वळून पावत्या लावत बसलो. नियमाने मला ते दिसायला नको होतं.

गोठा
आमचं थोडक्यात. दूध ३० वरून १८ ला आलं. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद, दूध पिणार कोण? जनावरांच्या सरकी पेंडीचं पोतं मात्र महाग झालं. सरकारने पावडरीसाठी २५ रुपयांनी दूध घ्यायचं जाहीर केलं. आमच्या संकलन केंद्रावर तो भाव कधी उतरला नाही. घरी खवा केला, शेजारी वाटला, शेजारी पण कंटाळले.

पक्षी_गेले
कोंबडीने कोरोना होतो असा मेसेज फेब्रुवारीत फिरला आणि टाळेबंदीच्या आधीच आम्ही आडवे झालो. जिवंत पक्षी १० रुपये किलोने गेला. काहींनी पिल्लं पुरली. तोच मेसेज पाठवणारा आमचा भाऊबंद मे महिन्यात चिकन शोधत फिरत होता, म्हणाला, "भाव काय लावलाय रे तुम्ही लोकांनी!"

गुरुजी_एटापल्ली
आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे अंधारात सगळं घर झाडाखाली असतं, लहान पोरं टोपली धरून. फुलं वाळवून ठेवली की वर्षभराची तिजोरी. जंगल बंद झालं नाही, त्यामुळे धान, मोहा, कंद, भाजी यांची अडचण कमी होती. अडचण होती मिठाची. आठवडी बाजार नाही म्हणजे मीठ, तेल, मिरची, साबण नाही. फिरता व्यापारी आला तो फुलांच्या बदल्यात मीठ देऊन गेला. भाव कोण विचारणार?

शाळेतल्या खिचडीचे तांदूळ आणि डाळ आम्ही मुलांच्या घरी वाटले. एका घरात चौथीची मुलगी म्हणाली, "गुरुजी, शिजवून नाही देणार?" तिला घरच्या भातापेक्षा पंगत हवी होती.

रोजगार हमीची कामं सुरू झाली तेव्हा थोडा रोख पैसा दिसला. मजुरी १ एप्रिलपासून २०६ ची २३८ झाली होती. पैसे खात्यात यायचे, आणि बँक तालुक्याला, गाडी बंद. बाया पहाटे चालत निघायच्या.

रोठा
श्रीवर्धन. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी गावाने वाटेवर दगड लावले, त्या येणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ होता. वाडीतल्या सुपारीवर दोघांचं भागेल म्हणून तो आला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाई मिळाली, ती झाडं कापून बाहेर काढण्यातच संपली. ज्या भावाला वेशीवर अडवलं त्यानेच करवत धरली.

पारनेरकरीण
वाचतेय सगळं. @दिंडोरी, विचारू का? त्या टोळीची मजुरी दिलीत?

दिंडोरीचा बागायतदार
दिली. ऑक्टोबर छाटणीला तेच आले. अर्धी पैशात, अर्धी बेदाण्यात. काळा पडलेला होता ना, तो. त्यांनी घेतला.