बायोमेडिकल घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स?

साताऱ्याचा पालक:
माझ्या मुलीने बारावीला गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले होते. नीटमध्ये सरकारी महाविद्यालय मिळण्याइतके गुण आले नाहीत. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात मात्र पर्सेंटाइल चांगले आहे. वैद्यकीय क्षेत्राची ओढ सुटत नसल्याने कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) अर्जात मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील बायोमेडिकल अभियांत्रिकी शाखा पहिल्या पसंतीला टाकावी, असे ती म्हणते. नातेवाइकांचे मत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने आहे. या शाखेत प्रत्यक्षात काय शिकवतात आणि पुढे कोणते काम करावे लागते, हे त्यातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.

आयसीयूचा शेजारी:
मी याच शाखेचा पदवीधर असून अकरा वर्षे एका मोठ्या रुग्णालयात उपकरणांची देखभाल पाहतो. ही डॉक्टर होण्याची मागची वाट नव्हे, हे तिला आधीच स्पष्ट सांगा. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र अभ्यासक्रमात असतात, पण खरा घाम निघतो तो सर्किट, सिग्नल प्रोसेसिंग आणि गणितात. अपेक्षाभंग झालेले माझे बहुतेक वर्गमित्र नेमके जीवशास्त्राच्या ओढीने आलेले होते.

कामाचा एक नमुना सांगतो. मध्यंतरी रात्री अतिदक्षता विभागातून फोन आला, की ईसीजी मॉनिटर बिघडला असून रेघ जाड आणि केसाळ दिसते आहे. हृदयाचा जो सिग्नल त्वचेवर मिळतो तो जेमतेम १ मिलिव्होल्टचा, आणि भोवतालच्या २३० व्होल्टच्या तारांमधून ५० हर्ट्झची गुणगुण सतत शरीरात शिरत असते. यंत्र ठणठणीत होते. उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडची (सिग्नलसाठी त्वचेवर चिकटवतात त्या चकतीची) जेल वाळली होती. तो बदलताच रेघ स्वच्छ झाली. हे ज्याला सुचते तो या क्षेत्रात रमतो. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हेही लपवत नाही.

फर्मवेअरवाली:
मी इलेक्ट्रॉनिक्स करून व्हेंटिलेटरच्या नियंत्रण-प्रणालीवर काम करते, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. मुलाखतीत मला सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप) यांवरच विचारले होते. फुप्फुसाचे शास्त्र मी कामावर शिकले. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची घेऊन एम.टेक. बायोमेडिकलमध्ये करण्याचा मार्ग खुला राहतो, आणि मधल्या काळात तिचे मन बदलले तरी नुकसान होत नाही. २०२० पासून गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत) बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे.

मात्र एक बाजू मान्य करते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली, त्यामुळे धोक्यांचे विश्लेषण, चाचण्यांच्या नोंदी आणि परवान्याची कागदपत्रे यांचे काम मोठे आहे. डॉक्टर आणि अभियंता या दोघांचीही भाषा कळणारी माणसे तिथे उपयोगी पडतात, आणि त्या बाबतीत बायोमेडिकलची मुले आमच्यापेक्षा सरस ठरतात.

आयसीयूचा शेजारी:
फर्मवेअरवाली यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. तरीही बायोमेडिकलच घ्यायचे ठरले, तर महाविद्यालयाचा रुग्णालयाशी संबंध कितपत आहे, एवढे प्रत्यक्ष जाऊन विचारा. ज्या विद्यार्थ्याने डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला, त्याला मुलाखतीत बोलण्यासारखे फारसे काही नसते.

साताऱ्याचा पालक:
आपणा दोघांचा आभारी आहे. मुलीने सर्व वाचले. तिने पगाराविषयी काहीच न विचारता एवढेच विचारले, की ईसीजीसाठी इलेक्ट्रोड उजव्याच पायाला कशासाठी?

आयसीयूचा शेजारी:
तो पाय हृदयापासून सर्वांत लांब असतो. शरीरभर सारखीच पसरलेली ५० हर्ट्झची गुणगुण सर्किट वेगळी काढते, तिची दिशा उलटी करते आणि उजव्या पायातून पुन्हा शरीरात सोडते. त्यामुळे ती बव्हंशी आपोआप मरते. हा प्रश्न तिला स्वतःहून पडला असेल, तर पसंतीक्रम तिलाच भरू द्या.