'डिजनरेट' समीकरणाला मराठीत काय म्हणावं?

बेळगावचा_मास्तर: खानापूर तालुक्यातनं मराठी माध्यमात शिकून आलेल्या पोरांसाठी आंशिक विकलक समीकरणांचं (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) टिपण लिहायलोय. 'डिजनरेट'पाशी अडलो, म्हणजे ज्यातल्या सर्वांत वरच्या क्रमाच्या पदाचा गुणक कुठंतरी शून्य होतो असं समीकरण. उदाहरण वाकणाऱ्या पट्टीचं, चौथ्या क्रमाचं समीकरण. पट्टीचा ताठपणा कडेपासूनच्या अंतराच्या एखाद्या घाताने घटत जातो, कडेवर शून्य. घात १ पेक्षा कमी असला तर कडेवर पट्टीची उंची आणि कल दोन्ही ठरवून देता येतात. १ पासून ३ च्या आत फक्त उंची. ३ झाला की काहीच नाही. हिंदीतला 'अपभ्रष्ट' वापरला, तर पोरगी म्हणाली, "सर, समीकरण बिघडलंय काय?"

निपाणीकर: बरोबर विचारलं तिनं. यात भ्रष्ट काय आहे? आमचं घर सुताराचं. पाचरीची जाडी सरळ उतरत धारेवर शून्य होते, आणि ताठपणा जाडीच्या घनात, म्हणजे तुमचा घात ३ च! बाबा पाचर डोक्याकडनं धरायचे, धारेकडनं कधीच नाही. धार कुणाला धरू देत नाही. 'निमुळतं समीकरण' म्हणा.

तत्सम: परिभाषेत साधित शब्द पाडता यायला हवेत. अपभ्रष्ट, अपभ्रष्टता. 'निमुळतेपणा' प्रबंधात कसा बसेल?

निपाणीकर: 'घात' आणि 'कल' बसले की!

गणिती_वाचक: माझी हरकत वेगळी. इटालियन गणिती त्रिकोमीचं १९२३ चं समीकरण कडेवर नाही, मधल्या रेषेवर ढेपाळतं. एका बाजूला विवृत्तीय (एलिप्टिक), दुसऱ्या बाजूला अपास्तीय (हायपरबोलिक). तिथे निमुळतं काय आहे?

निपाणीकर: मग 'निमणारं' म्हणा. विझणं, सरणं या अर्थी निमणं जुन्या मराठीत आहेच. निमुळता त्यातनंच आला असं मला वाटतं.

तत्सम: ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नव्हे.

खानापूरची_लेक: कडेवर अटी घालून समीकरण सोडवायचं, त्याला 'सीमामूल्य प्रश्न' म्हणतात, मला तर हाच शब्द खुपतो. बेळगावात सीमाप्रश्न म्हटलं की पोरांना १ नोव्हेंबर १९५६ च आठवणार. घरात तेच ऐकत वाढलो आम्ही.

गणिती_वाचक: इटालियन गणिती फिकेरानेही १९५६ मध्येच दाखवलं की अशा दुसऱ्या क्रमाच्या समीकरणांत सीमेच्या कोणत्या भागावर अट घालायची आणि कोणता मोकळा सोडायचा. सोव्हिएत गणिती केल्डिशने १९५१ मध्ये कडेवरच्या अटी गळतात ते आधीच सांगितलं होतं.

खानापूरची_लेक: म्हणून तर 'कड' म्हणावं. कडेवरच्या अटी. आजी भाताच्या खाचराच्या बांधाला मेर म्हणायची. पाणी ज्या अंगाला चढतच नाही, तिथली मेर ती लिंपत नसे.

बेळगावचा_मास्तर: हे टिपणात घालतो! खरं मेर म्हणजे शीवच ना?

खानापूरची_लेक: नव्हे सर. शीव गावाची, मेर शेताची. शिवेवर नारळ फोडतात, मेरेवर तूर लावतात.

निपाणीकर: आमच्याकडं मेर कुणी म्हणत नाही. बांधच.

खानापूरची_लेक: तुमच्याकडं तंबाखू, भाताचं खाचर कुठलं? पाणी अडवायची मेर वेगळी, बांध वेगळा.