एलएनए (डिशचा क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर) थंड करायचा की आधी केबल काढायची? मदत हवी आहे (देवगड)

नमस्कार मंडळी,

देवगडला घराच्या गच्चीवर 2.4 मीटरची जाळीची डिश आहे. मेटॉप आणि मीटिऑर या हवामान उपग्रहांचे 1.7 गिगाहर्ट्‌झवरचे पास घेतो. जूनमध्ये अरबी समुद्रावरची ढगांची पट्टी पडद्यावर एकेक ओळ करत उतरते, ते बघायला रात्री-अपरात्रीही उठतो.

समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. पहिला एलएनए फीडवरच (डिशसमोर सिग्नल टिपणाऱ्या भागावर) लावला होता, खाऱ्या वाऱ्याने तो एका मोसमात संपवला. म्हणून दुसरा डिशमागे हवाबंद डब्यात ठेवला आणि मध्ये सव्वा मीटर केबल आली. गोम इथेच आहे. एलएनएचा नॉइज फिगर (तो स्वतः घालतो तो गोंगाट) 0.5 डेसिबेल, म्हणजे तापमानाच्या मापात साधारण 35 केल्विन. केबल आणि कनेक्टर मिळून घट 0.3 डेसिबेलच, पण ती एलएनएच्या आधी, त्यामुळे तिचे 20 केल्विन जसेच्या तसे माथी बसतात. अँटेनाचे 45 धरतो, त्यात आकाश थोडं आणि डिशच्या कडेवरून दिसणारी तापलेली गच्चीच जास्त.

फीडसमोर शोषक फोम धरून आणि मग मोकळ्या आकाशाकडे बघून वाय फॅक्टर, म्हणजे या दोन वेळच्या गोंगाटाचं गुणोत्तर, मोजला: 5.4 डेसिबेल. जितका जास्त तितका चांगला. गेल्या पावसाळ्यात तोच 4.2 वर आला होता. कनेक्टर उघडला तर मधल्या पिनेवर हिरवा कीट.

मग थंड करून बघितलं, कारण गार एलएनए गोंगाट कमी घालतो. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी ठेवतात त्यातला द्रव नायट्रोजन ओळखीने दोन लिटर मिळाला. एलएनए तांब्याच्या जाड पट्टीवर आवळला, पट्टीचं टोक थर्माकोलच्या डब्यातल्या नायट्रोजनमध्ये. (झाकण सैल ठेवलं होतं. कोणी करणार असाल तर डबा कधीही घट्ट बंद करू नका, आणि बंद खोलीत तर नकोच.) दहा मिनिटांत वाय फॅक्टर 6.0! पण आपल्याकडची दमट हवा. बघता बघता कनेक्टरवर बर्फाची साय धरली, ती वितळली आणि आकडा 4 च्या खाली गेला.

नंतर वहीत हिशोब मांडला. एलएनए गार न करता नुसता फीडला चिकटवला, तरी आकडा 6.2 यायला हवा. म्हणजे एवढा खटाटोप करून मिळालं ते केबल काढण्यापेक्षा कमीच. नासाच्या गोल्डस्टोनसारख्या, दूरच्या यानांशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रांत हेलियमच्या बंद चक्राने एलएनए 15 केल्विनच्या आसपास ठेवतात, पण तिथे फीडमधली घट आधीच जिवापाड कमी केलेली असते. आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत तर रिसीव्हर थंड न करताच चालवतात.

तरी मन थंड करण्याकडेच ओढतंय, कारण निर्वात डबा फीडवर बसवला तर मीठ आणि दव दोन्ही बाहेर राहतील. जुना स्टर्लिंग कूलर मिळण्यासारखा आहे, 77 केल्विनपर्यंत जाणारा. तेव्हा विचारायचं आहे:

निर्वात डब्याच्या तोंडाला मायलरचा (प्लॅस्टिकचा) पातळ पडदा लावला तर बाहेरून दव धरेल का? कोरडी हवा फुंकत राहणं घरगुती सेटअपमध्ये जमतं का?

आतली कोॲक्स (सिग्नलची केबल) स्टेनलेस स्टीलची घेतली तर उष्णता कमी आत येते, पण घट वाढते. तांब्याचा मुलामा दिलेली कोणी वापरली आहे का? किती लांब?

बोर्डावरचे एक्स7आर कपॅसिटर थंडीत धारिता गमावतात, ते बदलून सी0जी (थंडीतही धारिता टिकवणारे) टाकणार आहे. व्होल्टेज रेग्युलेटर डब्याबाहेर काढणार. थंड झाल्यावर एलएनएमधल्या ट्रान्झिस्टरचा ड्रेन करंट पुन्हा कसा लावता?

आणि कूलरची थरथर फीडच्या पायांना सोसते का? आमचा वारा वेगळाच असतो.

मालवण, वेंगुर्ला, गुहागर या पट्ट्यात कोणी फीडवर एलएनए दोन पावसाळे टिकवला असेल, तर त्याने कसा टिकवला ते आधी सांगा. कूलरवाल्याला रविवारपर्यंत कळवायचं आहे.