मदत हवी आहे: अडेनियम, एचेवेरिया आणि कॅलाथिया एकाच गच्चीवर, आता पाणी कोणाचं वाढवू?

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमची पश्चिमेला मोकळी गच्ची आहे. दुपारपासून मावळतीपर्यंत थेट ऊन. रंगपंचमी झाली की मी कुंड्या आवरायला घेते. माती उकरायची, वाळकी पानं काढायची, जागा बदलायच्या. वर्षातले हे दिवस मला फार आवडतात. यंदा मात्र एका ठिकाणी अडले आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

सक्युलंटला, म्हणजे पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांना, पाणी कमी, एवढं सगळेच सांगतात. पण ही झाडं काही एकाच वेळी वाढत नाहीत. अडेनियम मूळचं आफ्रिका-अरबस्तानातलं, त्याला उकाडा हवा. निफाडकडे पारा घसरतो त्या दिवसांत माझ्या अडेनियमची पानं गळतात, आणि आता फांद्यांच्या टोकांना कोंब आलेत. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, हावर्थिया दक्षिण आफ्रिकेतली. त्यांना आपली थंडी छान मानवते. जानेवारीत एचेवेरियाच्या कडा काय सुंदर गुलाबी झाल्या होत्या! पण एप्रिल-मेच्या झळांत त्यांची वाढ मंदावते आणि तेव्हा कुंडी ओली राहिली तर मुळं सडतात. त्यांच्या शेजारी मॉन्स्टेरा, अँथुरियम आणि कॅलाथिया. त्यांना ऊबही हवी, हवेत ओलावाही हवा, आणि आपली मार्चमधली दुपार तर ठणठणीत कोरडी. कोरफड आणि पानफुटीचं काही विचारत नाही, ती आपली आपण जगतात.

आता अडचणी. एका अडेनियमचा फुगीर बुंधा दाबला की मऊ लागतो. वास येत नाही, डागही नाही. त्याला पाणी द्यावं की उपटून मुळं बघावीत? त्याची कुंडी बदलायचीच आहे, तर ती आत्ता बदलू की पाडव्यापर्यंत थांबू? एचेवेरियाच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय. द्राक्षबागेवर पिठ्या ढेकूण येतो, तोच असावा. आणि कॅलाथियाच्या पानांची टोकं करपताहेत. तिला बोअरचं पाणी घालते, कुंडीच्या काठावर पांढरा थरही धरलाय.

माती म्हणाल तर आपली काळी माती मी सक्युलंटला वापरत नाही. बारीक मुरूम, विटांचे तुकडे, थोडं कोकोपीट आणि गांडूळखत असं मिश्रण आहे. वर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट आहे.

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडला आहे, म्हणजे हवा तीच.

अडेनियमचा बुंधा सगळीकडून सारखाच मऊ असेल, साल जरा सुरकुतलेली असेल, तर झाड तहानलेलं आहे. थंडीभर पाणी कमी मिळालं की असं होतं. एकाच बाजूला बोट रुतत असेल, तिथला रंग काळपट असेल, तर मात्र सड. मग वाट बघू नका. उपटा, धारदार सुरीने पांढरा कडक गर लागेपर्यंत कापा आणि झाड सावलीत उलटं टांगून जखम पूर्ण सुकू द्या. चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतो. हातमोजे घालाच.

कुंडी बदलायला हेच दिवस चांगले, पाडव्यापर्यंत थांबायची गरज नाही. कोंब फुटलेत म्हणजे मुळंही कामाला लागली. लावताना बुंधा आधीपेक्षा बोटभर वर ठेवा. मुळं छाटली असतील तर आठवडाभर पाणी नको. मग कुंडीतून खाली वाहेल असं भरपूर द्या आणि माती वाळेपर्यंत पुन्हा देऊ नका.

पिठ्या ढेकणाला मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याला लावून एकेक पुसून काढा. मुळांवरही बघा, तिथे तो लपतो. निंबोळी तेल मारायचं असेल तर ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं भाजतात. शिवाय तेलाने एचेवेरियावरची पांढुरकी भुकटी जाते, ती पुन्हा येत नाही. म्हणून मी तिला तेल लावतच नाही.

कॅलाथियाचं बोअरचं पाणी आजपासून बंद. आपल्या भागातल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, तो थर त्याचाच. नळाचं पाणी चालेल.

मूळ धागाकर्ती

दादा, मनापासून धन्यवाद. बुंधा सगळीकडून सारखाच मऊ आहे, जीव भांड्यात पडला! घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कॅलाथियाला चालेल का? आणि एचेवेरियाला मेमध्ये हीच नेट पुरेल?

प्रतिसाद

आरओचं ते पाणी अजिबात नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र साठवा, ते कॅलाथियाला उत्तम. फक्त रोज बादली रिकामी करा, नाहीतर डास होतात.

नेट 50 टक्क्यांची राहू द्या, पण एचेवेरिया आणि हावर्थिया पश्चिमेच्या कठड्यावरून हलवून घराच्या पूर्वेकडे न्या, सकाळचं ऊन पुरे. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापतात, त्यांच्याऐवजी मातीच्या घ्या. मेमध्ये पाणी संध्याकाळी द्या, तेही पान जरा सुरकुतलं तरच, आणि पानांच्या मधोमध साचू देऊ नका. मॉन्स्टेरा-अँथुरियम एकमेकांना चिकटून सावलीत ठेवा, खाली खडी आणि पाण्याचे ताट. त्यांना 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी. एचेवेरियाला आता पावसाळा सरेपर्यंत खत नको. तिची कुंडीही तेव्हाच बदला, आत्ता फक्त ढेकूण काढा.